ग्रीकांची सत्-मीमांसा, गुरुदेव रानडे आणि येरवडा

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव निघाले की संस्कृत, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व या विद्यांचे स्मरण आधी होते; ग्रीक तत्त्वज्ञानाचे स्मरण सहसा कोणाला होत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच महाविद्यालयात शिकलेल्या रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांनी ग्रीकांच्या निसर्गविषयक आणि अस्तित्वविषयक विचारांचा जो अभ्यास पुढे केला, तो भारतीय विद्वत्तेतील एक महत्त्वाचा प्रयत्न होता, आणि गुरुदेव रानडे या नावाभोवती जमलेल्या भक्तिभावामुळे त्याच्याकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही. जगातील विविध वस्तूंच्या मुळाशी काय आहे आणि एखादी गोष्ट ‘आहे’ असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हे ग्रीकांचे दोन प्रश्न रानड्यांनी उपनिषदांच्या शेजारी ठेवून वाचले, आणि त्यांच्या त्या वाचनाचा पुनर्विचार करण्याजोगी बरीच सामग्री आजही शिल्लक आहे.

१८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून हे महाविद्यालय वाढत गेले, १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत आले. टिळक आणि आगरकर येथेच शिकले आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी येथेच संस्कृत शिकवले. जमखंडी संस्थानात ३ जुलै १८८६ रोजी जन्मलेले रानडे येथे आले, तेव्हा उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाममंत्र मिळालेला होता, म्हणजे साधक आणि विद्यार्थी या दोन्ही भूमिका त्यांच्या ठायी एकाच वेळी नांदत होत्या. मध्ये आलेल्या गंभीर आजारपणानंतर १९१४ मध्ये ते तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. याच सुमारास युरोपात ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला नवे रूप आले होते, कारण सॉक्रेटिसपूर्व विचारवंतांची इतर लेखकांच्या ग्रंथांत विखुरलेली वचने हेर्मान डील्स या जर्मन पंडिताने १९०३ मध्ये एकत्र संपादित केली होती आणि जॉन बर्नेटसारखे अभ्यासक या विचारवंतांना पुराणकथेशी नाते तोडणारे पहिले वैज्ञानिक म्हणून पुढे आणत होते. रानड्यांनी ही सामग्री घेतली, परंतु तिच्याकडे पाहण्याची त्यांची जागा वेगळी होती.

ग्रीक चिंतनाचा आरंभ आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील मिलेटस या व्यापारी नगरात, इ. स. पू. सहाव्या शतकात झाला असे मानले जाते. थेलीसने सर्व वस्तूंचे मूळ पाणी आहे असे म्हटले. अ‍ॅनॅक्झिमँडरने ते मूळ कोणत्याही एका परिचित द्रव्याचे नसून ‘अपेइरॉन’, म्हणजे ज्याला सीमा नाही आणि निश्चित रूप नाही असे काही आहे, असे प्रतिपादन केले. अ‍ॅनॅक्झिमिनीस पुन्हा एका द्रव्याकडे, वायूकडे वळला, पण वायू विरळ झाला की अग्नी होतो आणि दाट होत गेला की वारा, ढग, पाणी, माती आणि दगड होतो, अशी परिवर्तनाची प्रक्रिया त्याने प्रथमच सांगितली. या साऱ्या शोधाचा विषय असलेल्या निसर्गाला ग्रीक ‘फ्यूसिस’ म्हणत. त्यांच्या वापरात या संज्ञेत डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगर-नद्यांचा समूह तेवढा येत नसून, वस्तू ज्या स्वभावामुळे उपजते, वाढते आणि तीच राहते तो तिचा अंतःस्थ स्वभावही येतो. त्यामुळे निसर्गाचा प्रश्न आणि अस्तित्वाचा प्रश्न हे ग्रीकांच्या बाबतीत आरंभापासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांपैकी एक पदार्थविज्ञानाचा आणि दुसरा अध्यात्माचा अशी वाटणी नंतरच्या काळाने केलेली आहे.

१९२६ साली पुण्यात प्रसिद्ध झालेल्या, उपनिषदांतील तत्त्वज्ञानाचे रचनात्मक समालोचन करणाऱ्या आपल्या इंग्रजी ग्रंथात रानड्यांनी या विचारवंतांची उपनिषदांतील ऋषींशी सविस्तर तुलना केली. बृहदारण्यकात आरंभी केवळ जल होते असे सांगणारे वचन येते, ते त्यांनी थेलीसशेजारी ठेवले. छांदोग्यातील रैक्वाची वायुविद्या अ‍ॅनॅक्झिमिनीसशेजारी आणि कठोपनिषदातील, प्रत्येक रूपात शिरून तसतसा होणारा अग्नी हेराक्लिटसशेजारी ठेवला. ग्रीकांनी भारताकडून घेतले, की भारताने ग्रीकांकडून घेतले, की दोघांनी एका जुन्या समान वारशातून घेतले, हे पर्याय तपासून त्यांनी कौल दिला तो स्वतंत्र समांतर विकासाच्या बाजूने. म्हणजे माणसाचे मन सारख्या प्रश्नांना भिडले की परस्परांचा संपर्क नसतानाही सारख्या उत्तरांपाशी पोहोचू शकते. देशाभिमानाच्या भरात सारे ग्रीक ज्ञान भारतातून गेले असे सांगण्याची चढाओढ चाललेल्या काळात हा संयम मोठा होता, आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही.

असे असले तरी द्रव्याला द्रव्य जुळवणाऱ्या या तुलनेचा पाया वाटतो तितका भक्कम नाही. थेलीसचे स्वतःचे एकही वाक्य उरलेले नाही. पाण्याविषयीचे त्याचे मत अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले म्हणून कळते, आणि सर्वांचे पोषण ओलाव्यावर होते हे पाहून थेलीस या मताला आला असावा, हा अ‍ॅरिस्टॉटलने केलेला केवळ तर्क आहे. रैक्वाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. जानश्रुती राजाचा सेवक शोध घेत येतो तेव्हा हा ज्ञानी गाड्याखाली बसून अंगाची खरूज खाजवत असतो. राजाने देऊ केलेली संपत्ती तो प्रथम धुडकावतो आणि नंतर संवर्गविद्या सांगतो. विझलेला अग्नी वायूत जातो, मावळलेला सूर्य आणि चंद्र वायूत जातात, आटलेले पाणी वायूत जाते, आणि देहाच्या पातळीवर झोपलेल्या माणसाची वाणी, दृष्टी, श्रवण आणि मन ही प्राणात जातात, अशी ही विद्या आहे. येथे वायू सर्वांना गिळून घेणारा आहे, आणि रैक्वाचा प्रश्न वस्तू शेवटी कशात विलीन होतात हा आहे. अ‍ॅनॅक्झिमिनीसचा प्रश्न वायूपासून दगड कोणत्या क्रियेने बनतो हा आहे. एकाचे लक्ष लयाकडे आहे, दुसऱ्याचे घडणीकडे; शिवाय रैक्वाच्या विद्येत बाहेरचा वायू आणि आतला प्राण ही जोडी सुटूच शकत नाही, कारण तिचा उपयोग उपासनेसाठी आहे. उत्तरात ‘वायू’ हा एकच घटक आढळला म्हणून दोन्ही विचारांना सगोत्र म्हणणे घाईचे होईल.

हेराक्लिटसच्या संदर्भात रानड्यांचे वाचन अधिक सूक्ष्म आहे. एफेसस नगरातील या विचारवंताने विश्वाला सदैव जिवंत, मापाने पेटणारा आणि मापाने विझणारा अग्नी म्हटले, आणि वाहत्या नदीचे त्याचे उदाहरण तर जगभर पोहोचले. परंतु त्याच्या विचाराचा कणा बदल हा नसून त्या बदलातले माप आहे, ज्याला तो ‘लोगोस’ म्हणतो, म्हणजे सर्व परिवर्तनांना धरून असलेला आणि बुद्धीला कळू शकणारा नियम. रानड्यांनी या तत्त्वज्ञावर एक छोटा प्रबंध लिहिला आणि तो वाचून अरविंद घोष यांनी ‘आर्य’ मासिकात १९१६-१७ मध्ये हेराक्लिटसवर स्वतंत्र लेखमाला लिहिली. तिच्या आरंभी त्यांनी रानड्यांच्या विद्वत्तेची मनापासून प्रशंसा केली आहे, मात्र हेराक्लिटसमध्ये गूढवाद किती मानायचा याविषयी मतभेदही नोंदवला आहे. रानडे त्याला गूढवादी म्हणण्यास तयार नव्हते. अरविंदांना त्याच्या अग्नीत वैदिक अग्नीची आठवण होत होती आणि त्याच्या शैलीत गूढवाद्यांची भाषा ऐकू येत होती. ज्यांचे सारे उत्तरायुष्य नामसाधनेत गेले आणि ज्यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर विस्तृत ग्रंथ लिहिला, त्याच रानड्यांनी हेराक्लिटसला गूढवादाचा मान देण्यास नकार द्यावा, यात त्यांची बौद्धिक शिस्त दिसते. साक्षात्काराची किंमत ज्याला ठाऊक असते तो ती पदवी कोणालाही सहज देत नाही, आणि या वादात रानड्यांचीच बाजू अधिक सावध आणि म्हणून अधिक ग्राह्य आहे.

तुलनेची खरी कसोटी लागते ती पार्मेनिडीसपाशी. दक्षिण इटलीतील एलिआ या ग्रीक वसाहतीत राहणाऱ्या या तत्त्वज्ञाने इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभी एक काव्य रचले, त्याच्या सुमारे दीडशे ओळी उरल्या आहेत, आणि पुढच्या साऱ्या ग्रीक चिंतनाला त्या ओळींना उत्तर देणे भाग पडले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे: जे नाही त्याचा विचारही करता येत नाही आणि ते बोलूनही दाखवता येत नाही, जे आहे ते उत्पन्न झाले असे म्हणावे तर ते ‘नाही’तून आले असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणता येत नाही, ते नष्ट होईल असे म्हणावे तर ते ‘नाही’त जाईल, तेही म्हणता येत नाही, म्हणून जे आहे ते अजन्मा, अविनाशी, अखंड, अचल आणि सर्व बाजूंनी सारख्या गोलासारखे पूर्ण आहे. जन्म, मृत्यू, हालचाल, रंगांचा पालट हे सारे मर्त्य माणसांनी दिलेली नावे आहेत. तर्काने येथे निसर्गच पुसून टाकला आहे, कारण उपजणे आणि वाढणे हाच ज्याचा अर्थ त्या फ्यूसिसला या सत्-मध्ये जागाच उरत नाही.

छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी नेमका याच ठिकाणी उभा आहे. आरंभी एकच अद्वितीय सत् होते असे तो मुलाला सांगतो, काहींच्या मते आरंभी असत् होते याची नोंद घेतो, आणि असत्-पासून सत् कसे जन्मेल असा प्रतिप्रश्न करून ते मत बाजूला सारतो. रानड्यांनी या दोघांची जोडी लावली ती सर्वार्थाने योग्य आहे, कारण येथे साम्य एखाद्या द्रव्यातले नसून ‘शून्यातून काही येत नाही’ या विचाराच्या निर्बंधातले आहे. मात्र हा निर्बंध मान्य केल्यानंतर दोघांच्या वाटा फुटतात. पार्मेनिडीसच्या काव्यात उपदेश करणारी देवता शिष्याला डोळे, कान आणि जीभ यांच्या सवयीवर विसंबू नकोस, केवळ तर्काने निवाडा कर, असे बजावते. उद्दालक उलट मुलाला हाताने काही करायला लावतो. बारा वर्षे वेद शिकून ताठ मानेने घरी आलेल्या श्वेतकेतूला तो पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी, असे सांगतो. सोळाव्या दिवशी ऋचा, यजुस् आणि सामे म्हणायला सांगितल्यावर मुलाला काहीच आठवत नाही, आणि जेवल्यानंतर सारे पुन्हा आठवू लागते. मन अन्नमय आहे हे विधान अशा रीतीने मुलाच्या अंगावर सिद्ध होते. वडाचे फळ फोडायला लावणे, त्यातला कणभर दाणा पुन्हा फोडायला लावणे आणि काही दिसत नाही असे त्याच्याकडून वदवून घेणे; रात्री पाण्यात टाकलेले मीठ सकाळी परत मागणे आणि पाण्याची चव वरून, मधून, तळातून घ्यायला लावणे, या प्रयोगांत इंद्रिये फसवी म्हणून नाकारलेली नाहीत. जिथे डोळा थकतो तिथे जीभ साक्ष देते. उद्दालकाचे सत् निसर्गाला नाकारत नाही, तेज, जल आणि अन्न या तीन रूपांनी त्यात उतरते, आणि शेवटी ते सत् म्हणजे ऐकणारा मुलगाच आहे असे त्याला नऊ वेळा सांगितले जाते. पार्मेनिडीसच्या काव्यात विचार आणि सत् यांचे ऐक्य सुचवणारी ओळ आहे खरी, परंतु ‘तो तू आहेस’ असे तिथली देवता शिष्याला कुठेही म्हणत नाही. हा फरक रानड्यांच्या तुलनेत यायला हवा होता तितक्या ठळकपणे येत नाही.

पार्मेनिडीसने निर्माण केलेल्या अडचणीतून निसर्गाला सोडवण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. एम्पिडोक्लीसने चार अविनाशी मूलद्रव्ये मानली, अ‍ॅनॅक्झॅगोरसने प्रत्येक वस्तूत प्रत्येक वस्तूचा अंश मानला आणि रानड्यांना त्यात उपनिषदांतील त्रिवृत्करणाची, म्हणजे तीन मूलतत्त्वांच्या परस्पर मिश्रणाची, छाया दिसली. डिमॉक्रिटसने अणू आणि पोकळी मानून ‘नाही’लाही एका अर्थाने अस्तित्व दिले. या सर्वांहून खोल उत्तर अ‍ॅरिस्टॉटलचे आहे आणि एलिआच्या संप्रदायावर त्याने केलेल्या टीकेवर रानड्यांनी वेगळा निबंधच लिहिला. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की ‘आहे’ हे अनेक अर्थांनी बोलले जाते: मनुष्य आहे, पांढरेपणा आहे, तीन हात लांबी आहे, ही सारी असणी एका जातीची नाहीत, आणि पार्मेनिडीसने त्यांना एकच अर्थ देऊन आपला निष्कर्ष आधीच गृहीत धरला. अशिक्षित मनुष्य सुशिक्षित होतो तेव्हा शिक्षण शून्यातून येत नाही आणि ते आधीपासून तयार रूपात आत दडलेलेही नसते; मनुष्य हा आधार कायम असतो, त्याच्या ठायी एका गुणाचा अभाव असतो, आणि जे होण्याची क्षमता होती ते प्रत्यक्षात येते. आधार, अभाव आणि रूप, तसेच क्षमता आणि सिद्धी, या संज्ञांच्या साहाय्याने निसर्ग पुन्हा विचारक्षम झाला, आणि ज्याच्या हालचालीचे आणि स्थिरतेचे कारण त्याच्या आतच असते ते नैसर्गिक, अशी व्याख्या अ‍ॅरिस्टॉटलला करता आली.

भारतीय दर्शनांशी परिचय असलेल्या वाचकाला येथे सांख्य आणि न्याय यांचा जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही, म्हणून कार्य हे कारणात आधीच असते, असे सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणतो. वस्त्र विणले जाण्यापूर्वी नव्हतेच आणि सुतांच्या ठायी त्याचा प्रागभाव, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव, होता, असे नैयायिक म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलने क्षमतेची कल्पना मांडताना सांख्यांच्या जवळची आणि अभावाची कल्पना मांडताना नैयायिकांच्या जवळची भूमिका घेतली आहे, आणि भारतात दोन परस्परविरोधी दर्शनांत वाटल्या गेलेल्या गोष्टी त्याने एकाच विवेचनात बसवल्या आहेत. ही तुलना पाणी-पाणी आणि अग्नी-अग्नी यांच्या तुलनेपेक्षा कितीतरी फलदायी आहे, कारण तिथे उत्तराबरोबर युक्तिवादही तपासावा लागतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सोळाव्या श्लोकाला, असत्-ला अस्तित्व नाही आणि सत्-चा अभाव नाही असे सांगणाऱ्या त्या श्लोकाला, पार्मेनिडीसचा भारतीय प्रतिध्वनी म्हणण्याचा मोह होतो. पण तिथे तो सिद्धांत रणांगणावर शोक करणाऱ्याला दिलेला आहे, आणि त्याचे काम त्या माणसाला पुन्हा कर्माला लावणे हे आहे.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत धीटपणे हात घातला तो ज्ञानेश्वरांनी. ‘अमृतानुभवा’च्या पाचव्या प्रकरणात सत्, चित् आणि आनंद या तीन पदांची त्यांनी जी चिकित्सा केली आहे, तिच्यानुसार ही पदे परमतत्त्वाचे वर्णन करत नाहीत, असत्, जड आणि दुःख यांचे निवारण करण्यापुरती ती येतात आणि ते काम झाले की माघारी फिरतात. जे नाही ते बोलता येत नाही असे पार्मेनिडीस म्हणाला होता. ज्ञानेश्वर त्याच्या पुढे जाऊन जे आहे तेही ‘आहे’ या पदात मावत नाही असे दाखवतात, कारण जिथे ‘नाही’ची शक्यताच उरली नाही तिथे ‘आहे’ म्हणण्याचे प्रयोजनही उरत नाही. रानड्यांनी ज्ञानेश्वरांवर विपुल लिहिले, आणि ग्रीकांवरही लिहिले. एलिआचा आद्य तर्कपंडित आणि नेवाश्याचा योगी यांना समोरासमोर बसवून एक सबंध निबंध त्यांनी लिहिला असता, तर तो त्यांच्या साऱ्या तौलनिक लेखनाचा कळस ठरला असता.

डेक्कन कॉलेजच्या आवाराबाहेर, त्याच येरवड्यातील मध्यवर्ती कारागृहात हाच प्रश्न १९३० साली वेगळ्या वाटेने उपस्थित झाला. मिठाच्या सत्याग्रहात ५ मे रोजी अटक होऊन येथे आणलेले गांधीजी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर एकेका व्रतावर पत्र लिहीत. तुरुंगाला ते मंदिर म्हणत, आणि ही पत्रे पुढे ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. २२ जुलैच्या पहिल्या पत्राचा विषय सत्य होता. सत्य हे सत्-पासून आले, सत् म्हणजे असणे, आणि सत्याखेरीज वस्तुतः काहीच नाही, असा त्यांचा आरंभ आहे. जिथे सत्य तिथे ज्ञान म्हणून चित्, आणि जिथे सत्यज्ञान तिथे आनंद, असे म्हणत ते ज्ञानेश्वरांनी तपासलेल्या त्याच तीन पदांपर्यंत येतात. ग्रीक जगाशी गांधीजींचा संबंध सॉक्रेटिसमार्फत होता. प्लेटोने लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या न्यायालयीन भाषणाचा सारांश त्यांनी १९०८ मध्ये गुजरातीत दिला होता, आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली होती. पार्मेनिडीस त्यांच्या वाचनात होता असे मानण्याचे कारण नाही, आणि तरीही त्या पत्रात ते पार्मेनिडीसच्याच अडचणीपाशी येऊन थांबतात: सत् एक असेल तर माणसांना दिसणारी सत्ये अनेक का?

पार्मेनिडीसचे उत्तर कठोर होते. मर्त्यांची मते हा त्याच्या लेखी विश्वासाला अपात्र असा मार्ग आहे, आणि ‘आहे’ व ‘नाही’ यांत घोटाळणारी माणसे दोन डोक्यांची, वाट चुकलेली आहेत. गांधीजी त्या पत्रात वेगवेगळ्या सत्यांना एकाच झाडाच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या पानांची उपमा देतात आणि प्रत्येकाने आपल्याला दिसेल त्या सत्याप्रमाणे वागावे असे सांगतात, मात्र तसे वागताना जे कष्ट येतील ते इतरांवर न ढकलता स्वतः सोसावेत, कारण अशा शोधात चूक असली तर ती सोसण्यातूनच सुधारते. एलिआच्या तत्त्वज्ञाने यावर नक्कीच आक्षेप घेतला असता, की पाने अनेक असतील तर झाड एक कसे, आणि तर्काच्या पातळीवर या आक्षेपाला त्या पत्रात उत्तर नाही. सत्-विषयीचे ज्ञान आधी पूर्ण होईल आणि मग आचरण ठरेल, हा क्रमच तिथे उलटलेला आहे. अपुऱ्या दृष्टीच्या मर्त्य माणसाला पार्मेनिडीसच्या देवतेने ज्या वाटेवरून मागे वळवले असते, त्याच वाटेने चालण्याचे कर्तव्य येरवड्याच्या कैद्याने त्याच्यावर सोपवले आहे.